पुण्याचा चंद्र आणि हिगाशी-कसाईचे आकाश

जपानच्या विमानतळावर हाती पडलेल्या रहिवासी कार्डावर दमयंती आगटे यांची सारी ओळख एका शब्दात मावली होती: अवलंबित. पुणे विद्यापीठाची इतिहासातली एम.ए., तीही पहिल्या वर्गात, त्या चौकोनात कुठेच बसत नव्हती. पीएच.डी.च्या प्रबंधाची लिहून झालेली प्रकरणे सामानात होती, पण ती कुणी विचारली नाहीत. नवऱ्याचा, म्हणजे भानुदासांचा, सॉफ्टवेअरचा करार दोन वर्षांचा होता. परत जाऊ तेव्हा प्रबंध पूर्ण करू, असे ठरले होते. करार लांबत गेला, मार्गदर्शक निवृत्त झाले, विद्यापीठाने नोंदणी रद्द केली, आणि बाई टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या स्टेशनाजवळ एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, सकाळच्या पाळीला उभ्या राहू लागल्या. तिथले सगळे त्यांना दमयंती-सान म्हणत आणि त्यांच्याशी फार सभ्यतेने वागत. आपली काय किंमत झाली आहे, हे त्या सभ्यतेतूनच बाईंना रोज कळे.

प्रबंधाचा विषय त्या कुणाला सांगत नसत, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो हे त्यांना पाठ झाले होते. ल्यूथरच्या धर्मसुधारणेने युरोपातल्या खगोलशास्त्राचे काय केले, हा तो विषय. तिथल्या मराठी मंडळाच्या एका स्नेहसंमेलनात कुणीतरी आग्रह केला म्हणून त्या बोलल्या, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, “अच्छा, म्हणजे ख्रिश्चनांचं ज्योतिष.” त्या दिवसापासून बाईंनी तो विषय आपल्यापुरता ठेवला. तो त्यांनी सोडला मात्र नव्हता. ल्यूथरच्या विटेनबर्ग विद्यापीठात आकाशाचे गणित शिकणे हे देवाची रचना वाचण्यासारखे मानले जाई. तिथल्याच एका तरुण प्राध्यापकाने दूरवर जाऊन म्हाताऱ्या कोपर्निकसला त्याचे हस्तलिखित छापायला राजी केले. आणि तेच पुस्तक न्यूरेंबर्गमध्ये छापले जात असताना ओझिआंडर नावाच्या ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाने त्याच्या आरंभी एक टिपण घुसवले: यातले काही खरे असण्याची गरज नाही, हिशेबाला सोयीचे आहे एवढेच. टिपणाखाली त्याने स्वतःचे नाव घातले नाही. वाचणाऱ्यांना वाटले, खुद्द कोपर्निकसच तसे म्हणतो आहे. बाईंना त्या टिपणाचा राग होता, पण त्याहून अधिक राग होता तो त्याखालच्या कोऱ्या जागेचा.

या देशात त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे रविवारचा मराठी वर्ग. वॉर्डाच्या कम्युनिटी हॉलमध्ये मंडळाच्या नावावर एक खोली मिळे. त्या खोलीत पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांची मुले नाइलाजाने येऊन बसत, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देत आणि ‘ळ’ म्हणताना एकमेकांना हसत. बाई त्यांना बाराखडी शिकवीत, पत्र लिहायला शिकवीत, आणि मुलांनी काही विचारले तर खरे उत्तर देत. पालकांना यातला पहिला भाग हवा होता. दुसऱ्या भागाकडे कुणाचे लक्ष गेलेले नव्हते, तोपर्यंत सगळे ठीक चालले होते.

त्या सप्टेंबरात नऊ वर्षांच्या नुपूरने एक प्रश्न विचारला. तिच्या शाळेत त्या आठवड्यात त्सुकिमी होणार होती. पौर्णिमेचा चंद्र पाहायचा आणि तांदळाचे पांढरे लाडू खायचे, असा हा जपानी रिवाज. तिथल्या बाईंनी सांगितले होते की पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा उशिरा उगवेल. मग चार दिवसांनी येणाऱ्या संकष्टीला तो एकदम जवळजवळ मध्यरात्रीच कसा उगवतो, असे नुपूरचे म्हणणे. आई तोपर्यंत उपाशी असते, डोके दुखते म्हणून दिवे मालवून पडून राहते. त्याआधीच गॅलरीतून चंद्र दिसतो, पण मंडळाच्या ॲपवर तो उगवलेला नसतो.

बाईंनी नुपूरच्या आईला, अनघाला, फोन करून विचारले, आणि जे कळले त्यावर हसावे की रडावे हे त्यांना ठरवता आले नाही. मंडळाचे ॲप अध्यक्ष उल्हास यांनी स्वतः बनवलेले होते. त्यात पुण्याच्या पंचांगातली चंद्रोदयाची वेळ घेतलेली होती आणि भारत व जपान यांच्या घड्याळांत साडेतीन तासांचे अंतर म्हणून तेवढे तास त्यात बिनचूक मिळवलेले होते. परदेशातल्या गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग ठरवताना जसे करतात, तसेच. चंद्र जणू पुण्याच्या ऑफिसातून लॉग-इन करीत होता. अडाणी माणसाने पंचांगातली वेळ जशीच्या तशी घेतली असती, तर तो खऱ्या वेळेच्या आसपास तरी पोचला असता. चंद्र हिगाशी-कसाईच्या पूर्वेला, उरायासुच्या इमारतींवर, रात्रीच्या जेवणाच्या सुमारास उगवत होता. आणि त्याच्याकडे पाठ करून शेकडो सुशिक्षित माणसे फोन कधी वाजतो याची वाट पाहत उपाशी बसत होती.

बाईंनी पुढच्या रविवारी एक संत्रे आणि एक विजेरी आणली. संत्र्यावर एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला टोकियो अशा टिकल्या लावून ते फिरवले. ज्याच्या गावाच्या पूर्वेला चंद्र वर येतो, त्याच्या गावात तो उगवला, एवढेच त्या बोलल्या. उपासाबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही.

त्याच मंगळवारी अंगारकी होती. संध्याकाळी नुपूरने आईला हाताला धरून गॅलरीत नेले. समोर तांबूस चंद्र होता. अनघाने त्याला हात जोडले, नैवेद्य दाखवला आणि ती जेवायला बसली. तेवढ्यात चिंचवडहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सूनबाईंच्या पुढ्यात वरण-भात पाहून त्यांनी फोन खिडकीकडे वळवला. तिकडे चार वाजले होते, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर ऊन होते. या उन्हात तुझा चंद्र कुठून आला, असे त्यांनी विचारले. आणि अनघाने भाबडेपणाने खरे उत्तर दिले की नुपूरच्या मराठीच्या बाईंनी शिकवले.

दोन दिवसांत ही बातमी इचिकावातल्या मराठी घरांपर्यंत गेली. दमयंती आगटे वर्गात उपास मोडायला शिकवतात, अशा रूपात ती गेली.

“मी आता काही बोललो तर तू म्हणशील, मी त्यांच्या बाजूचा आहे,” त्या संध्याकाळी प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणे वेगळी करीत भानुदास म्हणाले. जळणारा कचरा, न जळणारा कचरा आणि बाटल्या यांची विभागणी हे त्यांच्या घरातले सर्वांत शांत काम होते.

“मग बोलू नका.”

“उल्हास माझ्याच प्रोजेक्टवर आहे, एवढंच सांगतो. कराराची मुदत मार्चमध्ये संपते.”

बाई म्हणाल्या की पोपने कॅलेंडर दुरुस्त केले तेव्हा जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांनी ते शतकाहून अधिक काळ घेतले नाही. हिशेब बरोबर होता, हे त्यांच्यातल्या गणितज्ञांना समजत नव्हते असे नाही. तो चुकीच्या माणसाकडून आला होता, इतकेच. केपलर त्यांच्यातलाच, ल्यूथरपंथी, धर्मोपदेशक व्हायला निघालेला; तरी तो म्हणाला की दुरुस्ती घ्यावी.

“सोळाव्या शतकाचा कचरा कोणत्या वारी उचलतात गं?” भानुदासांनी विचारले.

बाईंना हसू आले, आणि आपल्याला हसू आले याचा रागही आला. “तो उचलतच नाहीत. तो इथेच मुरतो,” त्या म्हणाल्या.

मंडळाने बाईंना बोलावले, आणि बैठक उल्हास यांच्या उरायासुतल्या घरी झाली. उंच इमारत, खाली खाडी, काचेच्या टेबलावर चिवडा. उल्हास यांच्या पत्नी रेखा मंडळाच्या सचिव होत्या. त्या चहा देत होत्या. उल्हास मात्र फार सौजन्याने बोलले. वहिनींच्या ज्ञानाबद्दल कुणाच्याच मनात शंका नाही, अशी त्यांनी सुरुवात केली. या देशात इतकी वर्षे काढल्यावर बाईंना हे माहीत झाले होते की ज्ञानाची अशी स्तुती झाली की त्यामागून ज्ञान गुंडाळून ठेवण्याची विनंती येते.

विनंती आलीच. ॲपवर बाईंच्या हिशेबाने येणारी स्थानिक वेळही दाखवली जाईल. ती खाली असेल, बारीक अक्षरांत असेल, आणि तिच्यावर ‘केवळ खगोलीय माहितीसाठी’ असे लिहिलेले असेल. उपासाची वेळ पूर्वीचीच राहील. पुढच्या रविवारी पालकांसमोर बाईंनी एवढेच सांगावे, की वर्गात सांगितले ते पुस्तकी गणित होते आणि आपल्यासाठी चंद्रोदय तोच, जो मंडळ सांगते. दोन वाक्ये. मग विषय संपला.

दमयंतीबाईंना आपण काचेच्या टेबलाशी बसलो आहोत की न्यूरेंबर्गच्या छापखान्यात, हे कळेनासे झाले. हिशेब वापरायचा आणि त्यातून निघणारे सत्य मात्र बारीक अक्षरांत पुरायचे! विटेनबर्गच्या प्राध्यापकांनी नेमके हेच केले होते. कोपर्निकसच्या पद्धतीने त्यांनी ग्रहांची गणिते सुधारली आणि पृथ्वी फिरते हे वाक्य तेवढे गाळले. ते दुष्ट नव्हते, विद्वान होते, श्रद्धाळू होते. समोर बसलेला हा माणूसही दुष्ट नव्हता. भूकंपानंतर घाबरलेल्या कुटुंबांच्या घरी पाणी पोचवायला तोच सर्वांत आधी धावला होता. तशा माणसाशी भांडणे अधिक कठीण असते, आणि म्हणूनच त्या सावकाश बोलल्या.

“उपास कधी सोडायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. पुण्यातल्या माणसांच्या बरोबरीने सोडायचा असेल तर तसा सोडावा, त्यातही प्रेमच आहे. हे मी पालकांसमोर सांगते, दहा वेळा सांगते. पण डोळ्यांसमोर उगवलेला चंद्र उगवलेला नाही, असं मी मुलांना सांगणार नाही.”

“वहिनी, मुद्दा चंद्राचा नाहीये हो,” उल्हास म्हणाले. “इतकी फॅमिलीज आहेत. प्रत्येकाने आपापल्या गॅलरीतला चंद्र धरला तर कॉमन असं काय उरणार आपल्यात? इथे आपण टिकलो ते सगळे एकाच वेळी एकच गोष्ट करतो म्हणून. आणि राग मानू नका, पण तुम्ही स्वतः संकष्टी करत नाही. मग तुम्हाला एवढं काय पडलंय?”

“मी उपास करत नाही. म्हणून दुसऱ्याच्या भुकेशी मला देणंघेणं नाही, असं समजू नका. अनघा डोकं धरून अंधारात पडते. कशासाठी? तुमच्या ॲपमधल्या बेरजेसाठी. ती बेरीज गणपतीने सांगितलेली नाही, उल्हासराव. ती तुम्ही केली आहे. मग खाली तुमचं नाव तरी घाला.”

चहाचे कप गोळा करणाऱ्या रेखांचा हात थांबला. उल्हास यांचा चेहरा उतरला, आणि बाईंना जाणवले की घाव वर्मी बसला आहे. ॲप हे त्या माणसाच्या मंडळावरच्या मायेचे काम होते. तरीही त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत.

अर्धे मान्य आणि अर्धे अमान्य असे चालणार नाही, असे उल्हास शेवटी म्हणाले. दोन्ही वाक्ये सांगायची असतील तर वर्ग तुमचा. नसतील तर मंडळाला दुसरी व्यवस्था करावी लागेल.

केपलरचेही हेच झाले होते. लिंझ गावी त्याला प्रभुभोजनाच्या विधीत बसू दिले नाही, कारण पंथाच्या मतसंहितेतल्या एका कलमापुरता त्याला आक्षेप होता आणि बिनशर्त सही करायला तो तयार नव्हता. त्याने अर्ज केले, विनवण्या केल्या, पण पंथ सोडला नाही. आणि सहीही केली नाही. पंथाने त्याला शेवटपर्यंत आत घेतले नाही. प्रबंध लिहिताना तरुण दमयंतीला हा त्याचा हट्ट वाटला होता. एका कलमाने काय बिघडणार होते, असे तिने समासात लिहूनही ठेवले होते. आता पन्नाशीच्या बाईंना कळले की ते एक कलम दिले असते, तर उरलेला माणूस कुणाच्याच उपयोगाचा राहिला नसता.

“दुसरी व्यवस्था करा,” त्या म्हणाल्या, आणि पर्स घेऊन उठल्या.

व्यवस्था लगेच झाली. वर्ग एका हौशी तरुण मुलीकडे गेला. ती मुलांकडून गाणी बसवून घेऊ लागली, आणि ती छान बसवते असे सगळे म्हणाले. पालकांच्या ग्रुपमधून बाईंचे नाव काढण्यात आले. पहिल्या रविवारी सवयीने त्या हॉलपर्यंत गेल्या, काचेतून आपल्या फळ्यावर दुसऱ्याचे अक्षर पाहिले आणि परत फिरल्या. घरी आल्यावर त्यांनी पंधरा मिनिटे नळ सोडून भांडी घासली. ती भांडी आधीच घासलेली होती. भानुदासांनी नळ बंद केला आणि ते शेजारी उभे राहिले.

“मार्चचं काय?” बाईंनी विचारले.

“मार्च मार्चमध्ये बघू. पुढची संकष्टी कधी आहे?”

ग्रुपचा रस्ता बंद होता म्हणून बाई भारतीय किराणा दुकानात गेल्या. तिथे तुरीच्या डाळीपाशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या बाईला त्या सांगत होत्या: पुढच्या संकष्टीला, संध्याकाळी, जुन्या एदो नदीच्या बांधावर मराठीचा वर्ग आहे. कुणी “हो का, बघते हं” म्हणून जिऱ्याकडे वळल्या. कुणी विचारले की मंडळाची परवानगी आहे का. बाई म्हणाल्या, बांध वॉर्डाचा आहे आणि चंद्र कुणाचाच नाही.

त्या संध्याकाळी नदीवर गार वारा होता. भानुदासांनी चटई आणि थर्मास आणला होता. पूर्वीची निम्मी मुलेही आली नाहीत. जी आली त्यांच्या आया बांधाच्या पायऱ्यांवर एकमेकींपासून अंतर ठेवून बसल्या, जणू प्रत्येकीचे येणे योगायोगाचेच होते. पलीकडच्या काठावर उरायासुचे दिवे लागले. बाईंनी सांगितलेली वेळ झाली. चंद्र दिसला नाही.

मुले कुजबुजली. एका आईने घड्याळ पाहून शेजारणीला काहीतरी म्हटले आणि दोघी हसल्या. आकाश स्वच्छ होते, गणित त्यांनी तीनदा तपासले होते. मग त्यांनी नदीपलीकडे नीट पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले.

“मी दिलेली वेळ क्षितिजाची आहे,” त्या मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “समोर क्षितिज नाही, बारा मजली इमारती आहेत. त्या मी हिशेबात धरल्या नाहीत. ही माझी चूक. चंद्राची नाही. थांबा.”

सगळे थांबले. बांधावर सायकलवरून जाणारे एक जपानी आजोबा, ही माणसे कशाकडे बघताहेत म्हणून, थांबले आणि तेही बघू लागले. मग दोन इमारतींच्या मधल्या फटीतून प्रथम उजेड आला आणि नंतर कडेने झिजलेला, तांबडा चंद्र हळूहळू वर सरकला. “देता!” नुपूर जपानीत ओरडली, बाईंनी मान वळवून नुसते पाहिले, तेव्हा तिने “उगवला” असे दुरुस्त केले. अनघाने चहाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेल्या पाण्याचे अर्घ्य बांधावरच्या गवतावर सोडले. आजोबांनी टोपी काढून चंद्राला आणि मग तिला वाकून नमस्कार केला.

पायऱ्यांच्या टोकाशी एक बाई उशिरा येऊन उभी होती. अंधारात ती कोण हे आधी कुणाला कळले नाही. ती खाली आली तेव्हा पायऱ्यांवरच्या सगळ्या आया सावरून बसल्या. त्या रेखा होत्या. त्यांच्या हातात डबा होता.

“मला सकाळपासून उपास आहे,” त्या कुणाकडेच न पाहता म्हणाल्या, आणि चटईवर बसून त्यांनी डबा उघडला. मोदक होते. त्यांनी चंद्राला हात जोडले, एक मोदक फोडला आणि शांतपणे खाल्ला.

“उल्हासभाऊंना माहीत आहे?” पायऱ्यांवरून कुणीतरी हळूच विचारले.

“नाही. तुम्ही सांगा हवं तर,” रेखा म्हणाल्या आणि डबा पुढे सरकवला.

दमयंतीबाईंनी वर्ग सुरू केला. मुलांना कागद आणि पेन्सिली वाटल्या. पलीकडच्या दिव्यांच्या आणि चंद्राच्या उजेडात, आज तुम्ही काय पाहिले ते एका वाक्यात लिहा, असे सांगितले. मुलांनी गुडघ्यांवर कागद धरून लिहिले. कुणी ‘चंद्र’मधला अनुस्वार विसरले, कुणी उगवला ऐवजी आला लिहिले. बाई प्रत्येकापाशी वाकून अनुस्वार देत गेल्या.

“आता खाली आपापलं नाव घाला. पूर्ण नाव.”

“नाव कशाला, काकू?” नुपूरने विचारले. “वाक्य तर बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे. पण ते कोण म्हणतंय, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.”

नुपूरने जीभ दातांत धरून नाव लिहिले. रेखांनी मोदकाचा हात रुमालाला पुसला, तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि तिच्या नावाखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, आपले नाव लिहिले.